दार माझ्यासाठी उघडतं

आधीच सांगते, मी केमिस्ट आहे. आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेली मी पहिली. सेलूजवळच्या खेड्यातून निघून एम.एस्सी., मग जर्मनीत पीएच.डी., आता लुडविग्सहाफेनला नोकरी... सगळं स्वतःच्या जिवावर. दारावर बांधलेलं लिंबू काढून सरबत करणारी पोरगी म्हणून मी गावात बदनाम होते. त्यामुळे मला कुणी विज्ञान शिकवू नये. घडलं ते लिहितेय, बस.

गेल्याच्या गेल्या डिसेंबरात आम्ही दोघं लाओसला गेलो. पाठीवर एकेक सॅक, लुआंग प्राबांगहून भाड्याची स्कूटर, आणि रस्ता संपेल तिथे होडी. प्लॅन सगळा आमच्या ह्यांचा. हे सॉफ्टवेअरमध्ये आहेत, आयुष्यात एकदा तरी हॉटेल बुक न करता फिरायचं होतं त्यांना.

पाचव्या दिवशी दुपारी नाम ऊ नदीकाठच्या कच्च्या उतारावर खडीवरून स्कूटर घसरली. मी झुडपात, हे रस्त्यावर. दोघांनाही साधं खरचटलंसुद्धा नाही. फक्त हे दोनेक मिनिटं तिथेच बसून राहिले, गप्प. मग उठून म्हणाले, "चल, होडी चुकेल."

होडीचा धक्का जेमतेम अर्ध्या किलोमीटरवर. तिथे होडीवाल्याची म्हातारी आई बसलेली. आमचे धुळीने माखलेले कपडे बघून तिला काय ते कळलं. तिने माझ्या मनगटाला पांढरा दोरा बांधला. तिकडे तशी पद्धत आहे. दुसरा दोरा ह्यांच्या हातापाशी नेला आणि थांबली. त्यांच्या खांद्यावरून मागे रस्त्याकडे बघत मुलाला काहीतरी म्हणाली.

होडीवाल्याने तोडक्या इंग्रजीत सांगितलं, "हा अजून आलेला नाही. पडला तिथे परत जा. नाव घेऊन तीनदा बोलव. मग नदी ओलांडा."

हे हसायला लागले. मला मात्र राग आला. कारण आम्ही लहानपणी कुठे पडलो की माझी आई हेच करायची — त्या जागी तांब्याभर पाणी ओतून, नाव घेऊन, "चल बाळा घरी." तेच सगळं मागे टाकायला मी शिकले होते ना?

पण म्हातारी होडीचा दोर सोडू देईना. शेवटी तिचं समाधान म्हणून मी काठावरूनच रस्त्याकडे तोंड करून ओरडले, "अहो, चला!" तीनदा. नाव नाही घेतलं. लॅबमध्ये मी साहेबाला पहिल्या नावाने बोलावते, पण अकरा वर्षांच्या संसारात ह्यांना फक्त अहो. सवय. म्हातारीला काय कळणार होतं... तिने दोर सोडला.

जानेवारीत परत आलो. पाच वाजताच अंधार. आमच्या जिन्यातला दिवा सेन्सरवर आहे, माणूस आला की लागतो. एक दिवस मी वर चढले तर हे अंधारात उभे. म्हणाले, दिवा बिघडलाय. मी पाऊल टाकलं, आणि लागला.

मग दुकानाचं काचेचं सरकतं दार. मग ऑफिसच्या बाथरूममधला सेन्सरचा नळ. ह्यांना काहीच दाद देईना. मी रीतसर प्रयोग केले — जॅकेट बदलून, टोपी काढून, वेगवेगळ्या दुकानांत, तीस वेळा. माझ्यासाठी तीस. ह्यांच्यासाठी शून्य. शेजाऱ्यांच्या कुत्र्यालाही दार उघडतं. हाउसआर्ट्स्ट, म्हणजे आमचे नेहमीचे डॉक्टर, म्हणाले सगळं नॉर्मल. सुरुवातीला हे विनोद करायचे, "अदृश्य झालोय, आता टॅक्स भरत नाही." हल्ली करत नाहीत. हल्ली फारसं बोलतच नाहीत. जेवतात, कामाला जातात, आणि मधेच त्या उतारावर बसले होते तसे बसून राहतात.

न राहवून आईला फोनवर सांगितलं. तिने एवढंच विचारलं, "नाव घेतलंस का गं जावयाचं?"

"मी नुसतं 'अहो' म्हणाले."

मग म्हणाली, "अहो तर सगळ्या जगाचेच असतात की गं."

मी हरले आणि लाओसची तिकिटं बघायला लागले. हे म्हणाले, "कशाला? मी इथेच आहे की." तरी नदीपलीकडे उतरलो होतो तिथल्या गेस्टहाउसवाल्याला मी मेसेज केला. त्याचं उत्तर आलं : पावसाळ्यात दरड कोसळली, तो उतार नदीत गेला.

आता मी ह्यांच्या एक पाऊल पुढे चालते. दार माझ्यासाठी उघडतं, मागून हे येतात.

गेल्या शनिवारी दुकानाच्या दारात मी मागे वळले आणि जन्मात पहिल्यांदा ह्यांना नावाने हाक मारली, "सुधीर!"

हे थांबले. मागे वळून रस्त्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"कुणाला हाक मारतेस?"

दार बंद व्हायला लागलं होतं... मी हात आडवा धरला.