बर्फाची गाडी, पुलांची गाडी

मुलीचा बाप असून जावयाच्या आईशी उघड भांडणारा माणूस अख्ख्या अमिरातीत एकच असेल, ते म्हणजे माझे व्याही. मुलीकडच्यांनी मान खाली घालून बसायचं ही आपली रीत, आणि एरवी ते ती पाळायचेही. लग्नात आमच्या हिनं मानाची साडी परत केली तर बिचाऱ्यांनी हात जोडले आणि दुसरी आणली. भांडले ते फक्त आगगाडीवरून.

मी चौथी शिकलेला सुतार. उभा जन्म शारजात लाकडं कापण्यात गेला, आता मुलाकडं, इथंच ऊद मेथा भागात राहतो. मुलगा म्हणाला, तुम्ही तिघं युरोप बघून या, स्वित्झर्लंडमधून इटलीत डोंगरातल्या गाडीनं जा. तिघं म्हणजे मी, ही आणि व्याही. त्यांच्या मंडळींना लिफ्टमध्येसुद्धा मळमळतं, त्या घरीच बऱ्या. मुलानं दोन गाड्या दाखवल्या. एक बर्फातून जाते, दुसरी दऱ्यांवरच्या पुलांवरून. हिला बर्फ हवा, व्याह्यांना पूल. झालं.

व्याही लांब रुवैसला तेलाच्या रिफायनरीत फोरमन. दर शनिवारी बसनं यायचे आणि लेकीची विचारपूस करायच्या आधी टीव्हीवर पुलांची गाडी लावायचे. वळण आलं की सोफ्यावर आपणही कलायचे, चहा गालिच्यावर. पूल आला की व्हिडिओ थांबवून लोखंडाचे जोड बघायचे. बोगदा आला की डोळे मिटून, "संपला की सांगा." हिची गाडी लावली की भर मे महिन्यात स्वेटर घालून बसायचे, निव्वळ हिला चिडवायला.

"विहीणबाई, बर्फ फ्रीजरमध्ये पण असतो. उघडून बघा."

"आणि पूल? शारजाच्या ट्रॅफिकमध्ये एकेका पुलावर तास तास बसलेय मी."

"ते पूल वेगळे."

"पाव्हणं, तुम्हाला काय कळतंय."

इथं भांडण संपायचं. हरले की व्याही खूश होऊन आणखी चहा मागायचे. नात म्हणायची, "जस्ट टेक अ फ्लाइट, आजोबा."

मग हिच्या पोटात गाठ निघाली. केस गेले, अन्न तुटलं, ओळखू येईना झाली. आणि हे गृहस्थ हॉस्पिटलात फोनवर पूल घेऊन हजर. माझं डोकं फिरलं. म्हटलं, "माणूस मरायला टेकलंय, लाज नाही वाटत?" ही डोळे न उघडता म्हणाली, "भांडू द्या त्यांना. बाकी सगळे माझ्याशी हळू बोलायला लागलेत."

ती गेली. गावच्या मातीत जाळा म्हणाली होती. तिला विमानानं गावी न्यायचं म्हणून कार्गोच्या ऑफिसात मी नुसता बसून होतो. काउंटरवरचा पोरगा म्हणाला, "अंकल, ये सस्तावाला लो, बीच में चेंज है." ज्यांचं एका आगगाडीचं वर्षभर ठरत नव्हतं ते व्याही लगेच म्हणाले, "सीधा जानेवाला दो. बाई को बीच में उतारना नहीं. खलास." त्याच विमानात आम्ही दोघं वर बसलो होतो, ती खाली पेटीत.

परत आल्यावर पुढच्या शनिवारी ते आले. टीव्ही लावला नाही. मुलानं भीतभीत विचारलं, युरोपचं काय करायचं. व्याह्यांनी हात जोडले, साडीच्या वेळी जोडले होते तसेच. म्हणाले, "विहीणबाई म्हणायच्या तसं. बर्फाची गाडी."

ही गेली हे मला तेव्हा कळलं. चिता पेटवली तेव्हासुद्धा कळलं नव्हतं.

मला ते बघवेना. मी म्हटलं, "बर्फात काय ठेवलंय? फ्रीजरमध्ये पण असतो. पुलांच्या गाडीनं जायचं."

व्याह्यांनी माझ्याकडं बघितलं. मग हळूहळू त्यांचे कान लाल झाले. "पूल? शारजाच्या ट्रॅफिकमध्ये एकेका पुलावर..." चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि म्हणाले, "पाव्हणं, तुम्हाला काय कळतंय."

आता दर शनिवारी ते बर्फाच्या बाजूनं, मी पुलांच्या. मला पूल आवडत नाहीत, उंचीवर गरगरतं. पण हटत नाही. हरायची वेळ आली की सूनबाईला चहा टाकायला सांगतो.

मुलाला बजावून ठेवलंय, तिकिटांची घाई करू नकोस.