कावडभर परे

माझ्या बायकोनं, मार्थानं, माझ्यासोबत केलेलं शेवटचं काम म्हणजे रोवणी: धानाचे परे, म्हणजे रोपं, उपटून पेंढ्या बांधणं आणि ती चिखलात लावणं. इंग्रजांच्या राज्यातली गोष्ट, पण आजही ओल्या मुळांचा वास आला की ती तिथंच वाकलेली दिसते.

आमची रोवणी उरकली, तरी कावडभर पेंढ्या उरल्या. शेजारच्या भिवाचे परे ढोरांनी खाल्ले होते; त्याची बांधी, म्हणजे भाताचं खाचर, रिकामीच होती.

ती म्हणाली, "भिवाले देऊन टाका. त्याची बांधी पडीक राहील."

"आपला धुरा फोडून पाणी नेलं त्यानं. त्याले कायले देऊ?"

"रविवारी मिशनात जाऊन लोकायले क्षमा करा सांगता ना तुमी? मंग उचला कावड."

मी हात लावला नाही. मला शास्त्र, म्हणजे बायबल, वाचता येई, तिला अक्षर येत नव्हतं. म्हणून शहाणा मीच, असं मला वाटायचं. त्याच संध्याकाळी धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, तिला साप चावला. ती गेली.

गावात ख्रिस्ती घर आमचं एकच, म्हणून सकाळी मातीला गाव फिरकलं नाही. खड्डा खणायला फावडं घेऊन एकटा भिवा आला.

माती देऊन मी घरी गेलो नाही. कावड खांद्यावर घेतली आणि सरळ त्याच्या बांधीत उतरलो.

"भाऊ, आजच्या दिवशी कायले?" तो म्हणाला.

"तिनं काल सांगितलं होतं," मी म्हणालो आणि वाकून रोवू लागलो.