अवातिफबाईंची चौदा गावं

शुब्रा मोहल्ल्यातल्या आमच्या इमारतीची लिफ्ट मी लहान असताना बंद पडली ती पडलीच. त्यामुळे पाचव्या मजल्यावरच्या अवातिफबाई गुडघे गेल्यापासून खाली उतरल्या नव्हत्या. सदतीस वर्षं मुलींच्या शाळेत भूगोल शिकवलेली बाई, आणि तिच्या वाट्याला उरल्या होत्या दोन खोल्या आणि एक गॅलरी. पाव हवा असला की दोरीला टोपली बांधून खाली सोडायच्या आणि पाववाल्याला वरूनच झापायच्या, "कालचा घालू नकोस रे, मला दात थोडेच उरलेत!"

मग इंटरनेट आलं. आमच्याकडे तेव्हा एकाने कनेक्शन घ्यायचं आणि जिन्यातून वायर ओढून सगळ्या मजल्यांना द्यायचं, अशी रीत होती. आमच्या जिन्यातला तो एक म्हणजे मी, औषधाच्या दुकानातला वगदी. त्या वायरीवर आम्ही पाच शेजारी एकच खेळ खेळायला लागलो. गाव वसवायचं, धान्य पिकवायचं, सैन्य ठेवायचं, आणि दुसऱ्याने आपल्याला लुटायच्या आत त्याला लुटायचं. पाचांत हुशार अवातिफबाईच. दोन वर्षांत त्यांची चौदा गावं झाली. कुठल्या कुठल्या देशांतले लोक त्यांचा सल्ला घ्यायचे. गुडघ्यांचं तर त्या नावच काढेनाशा झाल्या.

"वगदी, सकाळपासून तीनदा समुद्रापर्यंत जाऊन आले मी," त्या म्हणायच्या. "तू दुकानात बसून काय दिवे लावलेस?"

मला हेवा वाटायचा. माझी गावं नऊच होती.

त्या कायम घरी, म्हणून साऱ्या जिन्याच्या किल्ल्या त्यांच्या दारामागच्या खिळ्याला असायच्या. पासवर्डही आपसूक तिथेच गेले. शाळेच्या एका वहीत, सुंदर अक्षरात. रमजानात आम्ही रोजा सोडायला बसलो की सगळ्यांची गावं त्या सांभाळायच्या. त्या ख्रिस्ती, त्यांना त्या वेळी घाई नसायची. एकाचं धान्य संपलं की दुसऱ्याच्या कोठारातून पाठवायच्या. त्यात काही विचारायचं असतं, हे आम्हाला सुचलंसुद्धा नाही. खेळाचे नियम आम्ही कुणीच वाचले नव्हते.

एका शनिवारी दुपारी पाचही जणांची गावं गोठली. कंपनीचं पत्र आलं. एका माणसाने एकच खातं ठेवायचं, पासवर्ड दुसऱ्याला द्यायचा नाही, एकाच कनेक्शनवरच्या खात्यांनी एकमेकांना माल पुरवायचा नाही. ही पाचही खाती एकाच माणसाची दिसतात. तीन दिवसांत कबूल केलंत तर मूळ खातं ठेवू, बाकीची पुसू. नाहीतर पाचही जातील.

बाईंकडे सगळे जमलो. पहिल्या मजल्यावरचे हाजी बयूमी तर लालबुंद झाले होते. "आपण पाच माणसं आहोत हे आता परदेशातला कुणीतरी ठरवणार?"

"आरडाओरडा करू नका, हाजी. मी लिहिते त्यांना," बाई म्हणाल्या. त्यांनी इंग्रजीत दोन पानं लिहिली. पाच नावं, पाच वयं, कोण कुठल्या मजल्यावर. शिवाय किल्ल्या, आणि ती वही.

सगळे गेल्यावर मी म्हटलं, "बाई, वहीचं काढून टाका. तोच तर गुन्हा आहे."

"मग खोटं लिहू? खोटं लिहिणाऱ्या पोरींना मी वर्गाबाहेर उभं केलंय."

"आणि तुमचं खातं गेलं तर?"

त्यांनी वही मिटून ठेवली. "तर मी दिवसभर काय करू, वगदी?" एवढंच म्हणाल्या.

मी खाली आलो आणि त्यांचं पत्र जायच्या आत दोन ओळी लिहून धाडल्या. पाचही खाती माझीच आहेत, त्यांतलं वगदी नावाचं मूळ आहे, माफी असावी. पाचांतलं एक तरी वाचेल, असं मी स्वतःला सांगितलं. कसलं काय! मला माझी नऊ गावं हवी होती.

चौथ्या दिवशी निकाल आला. माझं खातं सुरू, बाकीची चार पुसली. बाईंच्या दोन पानांबद्दल एक अक्षर नव्हतं. माझ्या ओळी मात्र त्या हलकटांनी सगळ्यांना जशाच्या तशा पाठवल्या होत्या.

बाईंनी मला वर बोलावलं. चष्मा लावून सावकाश वाचून दाखवलं. "'त्या नावांची माणसं अस्तित्वात नाहीत, सगळी खाती मीच चालवतो.' असं लिहिलंस तू. म्हणजे मी नाहीच का रे?"

"बाई, मला वाटलं एकाचं तरी वाचेल..."

"मग माझं का नाही लिहिलंस?"

मी खाली बघत राहिलो. आजही विचारलं तर खालीच बघेन. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. "जाताना दार ओढून घे," एवढंच म्हणाल्या.

पुसलेल्या खात्याची गावं त्या खेळात आठवडाभर बेवारशी राहतात. नंतर जो जवळ असेल तो घेतो. सगळ्यांत जवळ मीच होतो. मी नसती घेतली तर दुसऱ्या कुणी घेतली असती. आठव्या दिवशी दुकानात गिऱ्हाईक नसताना मी चौदाही घेतली.

तासाभरात ब्राझीलच्या एका माणसाचा निरोप आला. इथे एक म्हाताऱ्या बाई होत्या, मला लढायला त्यांनीच शिकवलं, त्या बऱ्या आहेत ना?

कंपनी सगळं वाचते, हे आता मला ठाऊक होतं; खरं लिहिलं असतं तर तेवीसही गावं गेली असती. मी लिहिलं, "त्या बाई म्हणजे मीच."