बतूलने दिलेला पत्ता

रोहा तालुक्यातल्या निडीला बतूल माझी शेजारीण. नवरा लवकर गेला. तिने भात पिकवला, कोंबड्या पाळल्या नि साऱ्या गावाशी भांडली. माझ्याशी तर रोज. एकुलता एक मुलगा सईद कुवेतला. तो सुट्टीवर आला की त्याची बॅग बतूलच उघडायची, दुसऱ्या कुणाचा हात लागता कामा नये. साबण, अत्तर घरोघरी वाटायची. स्वतःला काही ठेवायची नाही.

दोन हजार वीसच्या उन्हाळ्यात तिची मूत्रपिंडं गेली. सईद कसाबसा विमानाने मुंबईला पोचला. पण कोरोनामुळे बाहेरून आलेल्यांना पासपोर्टवरच्या पत्त्याप्रमाणे त्या त्या तालुक्यात विलगीकरणात ठेवत होते, आणि सईदचा पत्ता पेणचा, मामाचा. तिथे मामाच्या ओळखीने पोलीस चौकशी लवकर उरकते, म्हणून बतूलनेच तो द्यायला लावला होता. आमच्याकडे पुष्कळांनी असंच केलंय.

सईद पेणच्या एका लॉजवर अडकला. मी फोन धरून बसले. विमानतळावरचे म्हणाले, आमचं काम विमानतळापुरतं. पेणचे म्हणाले, रोहा तालुक्यात घ्यायचं की नाही ते रोह्याने ठरवायचं. रोह्याचे म्हणाले, माणूस पेणच्या ताब्यात आहे, आम्ही काय करणार? आरोग्यवाले म्हणाले, अहवाल येऊ द्या. तो आला, तर म्हणाले, सही जिल्ह्याची. अडवायचा अधिकार प्रत्येकाकडे होता, सोडायचा कुणाकडेच नव्हता.

शेवटी गावच्या समितीचा हिरामण उरला. त्याला अंगणात गाठलं.

"बाई, कलेक्टरनी सोडला तरी गाव नाय घेणार."

"हिरामण, लहानपणी तिच्या कोंबड्या चोरायचास, तेव्हा गावाला विचारलं होतंस?"

"कोंबडीनं रोग नव्हता आणला," तो म्हणाला, आणि मान खाली घातली. घरात त्याची तान्ही नात होती.

बतूलला मी खरं सांगितलं. खोटं तिला चाललं नसतं.

"पेण काय लांब हाय गो," ती म्हणाली. "दर्या ओलांडून आला माझा पोर." मग भिंतीकडे तोंड केलं. "पत्ता मीच दिलता."

शुक्रवारी सकाळी ती गेली. मयतीला जेमतेम माणसं. मुलाने द्यायची माती चुलत पुतण्या इरशादने दिली. सईदने ते लॉजवर आपल्या फोनवर पाहिलं; मध्येच रेंज गेली.

सही पुढच्या आठवड्यात आली. नाक्यावर हिरामणच उभा होता. त्याने सईदची बॅग उचलली, कबरस्तानाच्या फाटकापर्यंत नेली आणि बाहेरच थांबला.

घरी आल्यावर बॅग ओटीवर पडून राहिली. बाया आल्या, बसल्या, रडल्या. बॅगेला कुणी हात लावेना.

"काकू, तुम्ही उघडा," सईद म्हणाला.

उघडली. वरच साबण होते. मी उठले आणि पहिला हिरामणच्या घरी देऊन आले. बतूल वाटताना कुणाचं घर वगळत नसे.