देवापुढचं पाकीट

परदेशातल्या विद्यापीठाने पात्रतेच्या ज्या अटी पाठवल्या होत्या, त्यातली मला अवघड वाटलेली अट इंग्रजीच्या परीक्षेची होती. ती मी पार केली. गुण पुरेसे होते, आणि त्या वर्षापुरती फी माफ होणार होती. जूचंद्र गावातल्या आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच, त्यामुळे हे सगळं आईबाबांना समजावताना मलाच ते खरं वाटत नसे.

शेवटची अट साधी होती. तिन्ही वर्षांच्या गुणांचा दाखला, म्हणजे ट्रान्सक्रिप्ट, आपल्या विद्यापीठाकडून बंद पाकिटात घ्यायचा, पाकिटाच्या तोंडावर सही-शिक्का हवा, आणि ते न उघडता तसंच पुढे पाठवायचं. मी तेव्हा वालीवच्या एका कारखान्यात प्रयोगशाळेत काम करत होते. रजा मिळाली नाही म्हणून बाबा पाकीट आणायला गेले. घडी घालू नका, भिजू देऊ नका, एवढं मी सांगितलं होतं. त्यांनी ते दोन पुठ्ठ्यांमध्ये घालून आणलं.

आमच्याकडे घरात येणारी कुठलीही चांगली वस्तू आधी देवाला दाखवतात. नवं भात, नवं भांडं, लग्नाची पत्रिका, माझी दहावीची गुणपत्रिका, सगळं देव्हाऱ्यापुढून गेलं होतं. संध्याकाळी मी घरी आले तेव्हा ट्रान्सक्रिप्टचे कागद पाटावर मांडलेले होते, वरच्या कागदावर हळदीकुंकवाची बोटं होती, आणि शेजारचे काका साखर खात बसले होते. पाकीट फाटू नये म्हणून बाबांनी ते विळीवर धरून अलगद कापलं होतं. उघडू नये असं त्यावर छापलेलं होतं, पण इंग्रजीत.

माझा चेहरा बघून आई उठून उभी राहिली. मी अट सांगितली. काकांनी हातातली साखर तशीच खाली ठेवली. बाबा हळूच म्हणाले, "बाय, देवापुढं बंद पाकीट कसं ठेवाचं? देवाला वाचाला नको?"

मला हसू आलं आणि लगेच रडू आलं. ते रडू मी मोरीत जाऊन संपवलं.

दुसऱ्या दिवशी बाबा पुन्हा आपल्या विद्यापीठात गेले. चूक माझी आहे, पोरीची नाही, असं त्यांनी खिडकीवर सांगितलं. कारकून भला माणूस होता. त्याने त्यांना बसवलं, पाणी दिलं आणि समजावलं की अर्ज नव्याने करावा लागेल, काही आठवडे लागतील. आमच्याकडे आठवडाच उरला होता. तरी बाबा ऑफिस बंद होईपर्यंत बाकावर बसून राहिले. घरी आल्यावर आईने पिठाची खळ केली आणि दोघांनी मिळून ते पाकीट चिकटवलं. इतकं नीट चिकटवलं की सहीची रेघही जुळली. मी ते पाठवलं नाही. परदेशातल्या विद्यापीठाला ईमेल करून जे घडलं ते कळवलं. उत्तर सभ्य होतं: अट सर्वांना सारखीच आहे, पुढच्या वर्षी अवश्य अर्ज करा. पुढच्या वर्षी फीमाफी नव्हती.

मी वालीवलाच राहिले. पगार बरा आहे, आणि ज्या घराने मला शिकवलं त्याच घरात तो येतो, याचं मला खरंच समाधान आहे. पण परदेशाचा विषय घरात कोणी काढत नाही. टीव्हीवर विमान दिसलं तरी आई चॅनल बदलते.

बाबांनी त्यानंतर कुठलंही पाकीट उघडलेलं नाही. बँकेचं असो, विजेच्या बिलाचं असो, मी कामावरून येईपर्यंत ते टीव्हीपाशी तसंच पडून असतं. गेल्या महिन्यात मामेबहिणीच्या लग्नाची पत्रिका आली. बाहेरून हळदीकुंकू लावलेली, मराठीत छापलेली, बाबांना सहज वाचता येईल अशी. मी चपला काढेपर्यंतही ते थांबले नाहीत. पत्रिका दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरली.

"तू बग आदी," ते म्हणाले. "उगडली तं चालंल ना?"

मी उघडली. त्यांनी ती घेऊन देवापुढे ठेवली.