सीतादहीची सकाळ

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. यजमानांना नाही, लेकीला नाही. तुम्हाला का सांगतेय? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल. शेजारणीला सांगितलं असतं तर उद्या दारात तिच्या तोंडाकडे बघावं लागलं असतं.

तीस वर्षं शाळेत बाई होते. ‘नेहमी खरे बोलावे’ हे वाक्य फळ्यावर किती वेळा लिहिलं, त्याचा हिशेब नाही. लिहिताना एकदाही थांबले नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे तुम्ही माझ्याबद्दल उगाच चांगलं समजणार नाही.

गोष्ट माझ्या पहिल्या कामाची आहे. पिंपळगाव राजाच्या अलीकडचं आमचं खेडं. महाराष्ट्र नवा नवा झाला होता, एसटी फाट्यापर्यंत यायला लागली होती, आणि मी तेरा वर्षांची होते. काम कसलं, कापूस वेचायचं. आमच्याकडच्या पोरीला दुसरं कुठलं काम मिळणार?

पण ते नुसतं काम नव्हतं हो. वेचणाऱ्या बायांची टोळी सकाळी आमच्या घरावरून जायची. डोक्याला फडकं, कमरेला झोळी, तोंडात गाणं. मी दारात राखेनं भांडी घासत बसलेली. त्या वळणापलीकडे गेल्या तरी गाणं ऐकू यायचं, आणि मी घासायचं भांडं तसंच हातात धरून ऐकत राहायची. त्यांच्या रांगेत उभं राहावं, त्यांच्यासारखं मोठ्यानं हसावं, दुपारी बांधावर त्यांच्यात बसून भाकर खावी—याची मला इतकी ओढ होती की त्यानंतर आजवर दुसरं काही तसं हवंसं वाटलं नाही. घरात खायला नव्हतं असं सांगितलं तर तुम्ही मला माफ करून टाकाल. पण होतं. बाप मळ्यात वांगी-मिरची लावायचा, दोन वेळचं नीट निघत होतं.

गरज होती ती द्वारकीला.

द्वारकी—माझी मैत्रीण. एकच म्हणावी अशी. आई लहानपणीच गेलेली, मामा-मामीकडे राहायची. चालताना मान अशी वर, की कुणाला वाटावं पाटलाची पोर आहे. धडा वाचायला घेतला की मास्तर खडू खाली ठेवून ऐकायचे. तिला शिकायचं होतं. मामीनं अट घातली होती—एक हंगाम वेचून दाखव, मग जूनमध्ये सातवीचं पाहू. मामा साधा माणूस. पोरीच्या लग्नाची त्याला घाई नव्हती, आणि मास्तरांनीही त्याला सांगून ठेवलं होतं की हिला शिकू दे.

टोळीत एका पोरीची जागा आहे, ही बातमी मला द्वारकीनंच दिली. मुकादमीन सरूमावशीकडे मला तीच घेऊन गेली. मावशीनं दोघींचे हात उलटसुलट करून पाहिले आणि म्हणाली, “एकच घेतो मी. सीतादहीच्या दिवशी या दोघी. जिचा हात चालंल ते राहील.”

सीतादही म्हणजे पहिल्या वेचणीची पूजा. शेताच्या कोपऱ्यात सात खडे मांडायचे, हळदकुंकू लावायचं, पहिली बोंडं वाहायची, दहीभाताचा नैवेद्य शेतात शिंपडायचा. उरलेला दहीभात मावशी प्रत्येकीच्या तळहातावर ठेवायची. ज्या हातावर तो पडला तो हात हंगामभर त्या टोळीचा, असा तिचा नेम होता. आणि दुसरा नेम तर सगळ्यांचाच—बाहेर बसलेल्या, म्हणजे पाळी आलेल्या बाईनं त्या दिवशी शेताच्या धुऱ्यावर, बांधावरही पाय ठेवायचा नाही.

द्वारकीचा हात चालणार, हे मला ठाऊक होतं. बोंडातून कापूस ती असा काढायची की पालापाचोळ्याचा कण येत नसे. मला तिनंच शिकवलं होतं, परसातल्या चार झाडांवर, रोज संध्याकाळी. “घाई नको करू वं,” म्हणायची, “बोंड आपसूक देते.” वेचण्यासाठी तिनं मामाच्या जुन्या धोतराची झोळी शिवली होती, दुहेरी टाक्यांची.

त्या सकाळी आम्ही सोबत जायचं ठरलं होतं. तिनं मला हाक मारायची, मी निघायचं. मी हाकेची वाट पाहिली नाही. दव पडलेलं होतं, परकर गुडघ्यापर्यंत भिजला, आणि मी पळत शेतावर पोचले. सरूमावशी खडे धूत होती. तिनं वर न बघता विचारलं, “दुसरी काऊन नाही आली वं?”

मी म्हणाले, “थे बाहेर बसली.”

बस. एवढंच म्हणायचं ठरवून गेले होते. माझा हिशोब पोरकटच—ती चार दिवस लांब राहील, तोवर दहीभात माझ्या हातावर पडेल. चार दिवस फक्त. मग तीही कुठंतरी लागली असती, नाही का? असं मी तेव्हा मनाला सांगितलं.

पण मावशीनं हात थांबवले. “कधीपासून?” म्हणाली. आणि मी—कुणी मला बोलायला लावलं नव्हतं—मी म्हणाले, “पहिल्यानंच.”

त्या एका शब्दानं सगळं केलं. बायांचे चेहरे कसे उजळले, ते आजही दिसतात. कुणी म्हणालं, माय वं, बिनआईचं लेकरू. कुणाच्या डोळ्यांत पाणी आलं. तेवढ्यात द्वारकी धुऱ्यावर आली, धापा टाकत, झोळी कमरेला बांधून तयार. मावशीनं लांबूनच हात वर केला. “तिथंच थांब, बाई. पुढं नको येऊ. घरी जाय.” रागानं नाही—फार मायेनं म्हणाली. द्वारकी ओरडून म्हणाली, “मले काय झालं?” तशा सगळ्या हसल्या. पोर लाजतेय, असं वाटलं त्यांना.

ती माझ्याकडे बघत होती. मी खाली सात खड्यांकडे बघत होते. मग ती वळली, आणि माझ्या तळहातावर दहीभात पडला. मी तो खाल्ला.

इथं थांबता आलं असतं तर थांबले असते.

पोरगी पहिल्यांदा बाहेर बसली की आमच्याकडे बायका गोळा होतात, तिला पाटावर बसवतात, हिरव्या बांगड्या भरतात, गाणी म्हणतात. द्वारकीला आई नाही, मग आपणच करू, असं टोळीनं दुपारीच ठरवलं. किती चांगल्या बाया होत्या त्या. नारळ आणला, बांगड्या आणल्या, आणि वेचणी आटोपून सगळ्या मामीच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या. मी त्यांच्यात होते. ज्या रांगेसाठी जीव टाकला होता, त्या रांगेत.

मामी गोंधळली. गावाला कळलं आणि घरात तिलाच ठाऊक नाही, ही शरम तिच्या तोंडावर दिसत होती. द्वारकी म्हणाली, “नाही मामी, खोटं हाय हे.” मामीनं सगळ्यांदेखत तिला थापड मारली—लपवून घरभर विटाळ कालवला म्हणून. मग तिला पाटावर बसवलं. बांगड्या भरताना ती रडली, तर बायका म्हणाल्या, आईची आठवण येते. गाणं सुरू झालं. मी म्हटलं ते गाणं. मोठ्यानं म्हटलं, आवाज बायांच्या आवाजात मिळवून.

शहाणी झालेली पोर घरात, आणि सगळ्या गावाला माहीत! मग मामाला जो तो तिच्या लग्नाचं विचारू लागला. मास्तर एकदा येऊन गेले, पण आता त्यांचं कोण ऐकणार? मामीला पुढं खरं कळलंही असेल. चार भिंतींत असं किती दिवस झाकून राहतं? पण बोलणी सुरू झाली होती, आणि दारात गाणी म्हणून झाल्यावर ती तरी काय बोलणार. दिवाळी गेली, संक्रांत गेली. रोज सकाळी मी सरूमावशीच्या मागं दोन हात अंतरावर चालत होते. मावशी, मी खोटं बोलले—चार शब्द. पाच महिन्यांत एकदाही निघाले नाहीत. मार बसेल याची भीती नव्हती. रांगेतून काढतील याची होती.

वैशाखात तिचं लग्न झालं. तिकडं बीबीकडे दिली, जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला. जूनमध्ये मी सातवीत बसले. पुढं शिकत गेले, मास्तरीण झाले. तिला जे व्हायचं होतं ते.

बदलीच्या काळात दोनदा बीबीवरून एसटीनं गेले. दोन्ही वेळा गाडी थांबली, बायका चढल्या, उतरल्या. प्रत्येकीची मान बघितली. उतरले मात्र नाही. ती आहे की नाही, लेकरंबाळं किती, कुणाला विचारलं नाही. आता या वयात संध्याकाळी गच्चीवर बसते तेव्हा कधी कधी वाटतं, खालून हाक येईल, चल वं, उशीर झाला. त्या सकाळची ती हाक मी ऐकलीच नाही. द्वारकी माझ्या दाराशी येऊन किती वेळ हाका मारत राहिली असेल?

तिच्या हळदीच्या आदल्या दिवशीचं सांगायचं राहिलं. मी मळ्यातून येत होते, आणि ती वाटेत उभी होती. बोलणं आमचं केव्हाच थांबलं होतं. तिला माहीत होतं का? माझ्याशिवाय होतंच कोण तसं सांगायला. तिच्या हातात घडी केलेली ती झोळी होती, दुहेरी टाक्यांची. माझ्याकडे धरून म्हणाली, “घे. तुही झोळी फाटली ना वं.”

मी घेतली. शाळा सांभाळून तीन हंगाम वापरली. टाका एकही उसवला नाही.