मागच्या चाकाचं साल

आमच्याकडे पाहुणे आले की आधी दारातच अडखळतात. मी आतून ओरडते, "सांभाळून हं, डावीकडे हँडल आहे!" बाहेरच्या खोलीत दोन खुर्च्या आणि सात सायकली. नवीन माणूस हसून विचारतो, "काय हो, दुकान आहे का?" मी म्हणते, "दुकान असतं तर बरं झालं असतं, निदान कुलूप लावून घरी तरी येता आलं असतं." हे आतून सगळं ऐकत असतात. बोलत मात्र नाहीत, कारण ह्यांच्या तोंडात बहुतेक वेळा स्क्रू धरलेला असतो.

माणूस म्हणाल तर गरीब गाय. छत्तीस वर्षं एका कारखान्यात लेथवर काम केलं, कुणाशी तंटा नाही, आवाज चढवणं नाही. माझी आई जाईपर्यंत सांगत होती, नशीब काढलंस बाई. मी आपली हो म्हणायची. बाटलीचा नाद असता तर चार जणींत बसून रडता तरी आलं असतं. सायकलींवरून रडायला जावं, तर बायका म्हणतात, "अगंबाई, किती छान छंद!" छान म्हणे. एकदा या म्हणावं आणि त्या छंदाच्या खालून केर काढून दाखवा.

भंगारवाल्याचा फोन आला की हे भरल्या ताटावरून उठतात. कुठे जुनी सायकल कापायला काढली असेल, तर जाऊन तिच्यापुढे उभे राहतात. घरी आणली की महिना महिना नुसती पुसतात. रंग खरवडायचा नाही, नवा द्यायचा नाही. रॉकेलचा बोळा घेऊन बोटभर जागा, मग पुढची बोटभर जागा. गंजाखालून सोनेरी रेघ दिसली की मला हाक. मी कणीक मळत असले तरी यायचं, बघायचं आणि "वा" म्हणायचं. पाने, पक्कड, वायसर हातात द्यायचं कामही माझंच. हे खाली बसून, न बघता, मागे हात करतात. त्या हातात काय द्यायचं ते मला न सांगता कळतं, तीस वर्षं झाली त्याला.

ह्यांचा सगळ्यात मोठा कायदा सालाचा. जुन्या तीन गिअरच्या सायकलीच्या मागच्या चाकात जो मधला गोळा असतो, हब, त्यावर कारखान्याने साल ठोकलेलं असतं. फ्रेमच्या नंबरावरूनही साल कळतं. दोन्ही जुळली तर सायकल खरी. नाही जुळली तर कितीही चकाचक असू दे, ह्यांच्या लेखी ती खोटी. मी विचारायची, "अहो, चालते ना?" हे म्हणायचे, "चालते गं. पण खोटं चालते."

आता माझ्या सायकलीचं सांगते. लग्नाआधी मी नर्सचा कोर्स केला होता. डॉक्टरांच्या चिठ्ठ्या घेऊन घरोघर इंजेक्शनं द्यायला जायची. कॅरिअरला पिशवी, अंगावर पांढरा कोट, आणि ती हिरवी, तीन गिअरची लेडीज सायकल. सहा वर्षं. कुठेही जायचं, कधीही यायचं. कोण सोडणार आणि कोण आणणार हा प्रश्न मला त्या सहा वर्षांत कुणी विचारला नाही. लग्न झालं आणि तो प्रश्न सुरू झाला. हे तर कौतुकाने म्हणायचे, "मी आहे ना, मी सोडतो." खरंच सोडायचे हो. ह्यांना वेळ असेल तेव्हा.

मग अकरा वर्षांपूर्वी वहिनीचा फोन आला, "वन्सं, तुमचं ते धूड माळ्यावर पडलंय, घेऊन जा, नाहीतर देऊन टाकते." मी म्हटलं होतं, राहू दे. हेच टेम्पो करून गेले आणि घेऊन आले. डोळे कसे लकाकत होते! म्हणाले, "आता सगळी कामं बाजूला. तुझी आधी करतो. मग तू तुझी एकटी जा, कुठे जायचं तिथे." मला भरून आलं. खोटं कशाला सांगू, त्या दिवशी मला ह्यांचा अभिमान वाटला होता.

माझी सायकल भिंतीवरच्या खुंटीला टांगली गेली. पहिल्या वर्षी तिची घंटी गेली. "उसनी घेतो गं, त्या दुसरीला शोभेल." मग दिवा गेला. मग पायडल. दर वेळी "उसनी". मध्येच माझे गुडघे बोलायला लागले. डॉक्टर म्हणाले, वापरात ठेवा, सायकल चालवलीत तर उत्तमच, नाहीतर आखडतील. मी घरी येऊन स्पष्ट सांगितलं, "अहो, माझे पाय वळताहेत तोवर द्या ती मला." म्हणाले, "या महिन्यात नक्की." ते महिने मी मोजायचे सोडून दिले.

दोन महिन्यांपूर्वी मी लेकीकडे आठ दिवस राहून आले. हे दारातच उभे. हात काळे, डोळ्यांत पाणी. मी म्हटलं, कोण गेलं? तर म्हणतात, "साल जुळलं!"

एक काळी जेंट्स सायकल नऊ वर्षं मागच्या चाकासाठी अडून राहिली होती. त्या सालाचा हब ह्यांनी सगळीकडे शोधला, परगावी पत्रं टाकली. आणि माझ्या सायकलीच्या हबवरची काजळी पुसली, तर नेमकं तेच साल. "नऊ वर्षं वणवण केली, आणि होतं कुठे? घरातच!" असं म्हणून हे लहान मुलासारखे हसले. मी खुंटीकडे बघितलं. माझ्या सायकलीला मागे चाकच नव्हतं.

"आणि माझी?" मी विचारलं.

"तुझ्यासाठी दुसरं बघू ना. आणि खरं सांगू का, ते चाक मुळात तुझ्या सायकलीचं नव्हतंच. तुझ्या फ्रेमचं साल वेगळं आहे. आधी कुणीतरी बदललेलं असणार."

सहा वर्षं मी त्या चाकावर उन्हातान्हात फिरले, आणि ते माझं नव्हतं! माझ्या अंगाची नुसती आग झाली. मी भांडले. जे बोलू नये तेही बोलले. हे मान खाली घालून ऐकत राहिले, आणि दुसऱ्या दिवशी त्याच चाकाच्या तारा चमकवायला बसले. लेकीला फोन केला तर ती म्हणते, "आई, सोड ना. बाबा किती खूश आहेत." सोडलं. आणखी काय करणार होते?

पण जुन्या सायकलींचा मेळावा जवळ आला, तसं माझं डोकं पुन्हा फिरलं. रविवारी सकाळी नऊला हे त्या काळ्या सायकलीवर बसून सगळ्यांपुढे जाणार होते. रविवारी पहाटे हे रोजच्यासारखे फिरायला गेले, तासाभरासाठी. मी पदर खोचला. गिअरची बारीक साखळी सोडवली, चाकाचे नट काढले, चेन उतरवली, आणि माझं चाक माझ्या सायकलीत घातलं. पायडलं हाताला लागली ती लावली. डावं पायडल उलटं फिरवून आवळायचं असतं, हे मला झोपेतही माहीत आहे. पाने देऊन देऊन तेवढं शिकले मी. टायरमध्ये हवा भरली आणि सायकल फाटकाबाहेर काढली.

तेवढ्यात हे आले. आधी मला पाहिलं, मग चाक पाहिलं. चेहरा पांढराफटक.

मी सीटवर बसले. उजवा पाय पायडलवर ठेवला आणि दाबला. पायडल फिरून वर यायला लागलं आणि गुडघा अडला. पुन्हा दाबलं, पुन्हा तिथेच अडला. पाय अर्ध्यावर जायचा आणि मागे यायचा. मला ओरडावंसं वाटलं.

हे पुढे आले, उकिडवे बसले आणि माझा गुडघा गंजलेलं बेअरिंग बघावं तसा बघितला. "सीट चार बोटं वर घेतली तर फिरेल." मला उतरवून ह्यांनी सीट वर घेतली. मागून धरून मला बसवलं. आणि फिरलं हो पायडल! मी कोपऱ्यापर्यंत गेले. हे मागे सीट धरून धापा टाकत पळताहेत.

"सोडा," मी म्हटलं.

"पडशील."

"सोडा म्हणते ना!"

सोडली. पाचसहा हात मी एकटी गेले असेन. मग थांबायला पाय टेकायला गेले, तर सीट उंच, जमीन लागेना. पूर्वी मी सीटवरून पुढे सरकून झटक्यात उतरायची, आता गुडघा ते वजन पेलेना. सायकल कलली. ह्यांनी धावत येऊन धरली.

"एवढंच ना?" हे म्हणाले, आणि अगदी मनापासून म्हणाले. "मी आहे ना. रोज सकाळी मी धरतो."

मला रडू कोसळलं. कुणी धरायला नको, कुणी सोडायला नको, म्हणूनच तर हवी होती मला ती. हे त्या माणसाला कसं सांगायचं? दहा वर्षांपूर्वी दिली असती तर हे सांगायची वेळच आली नसती. मी उतरले.

हे सायकल धरून उभे राहिले. माझ्याकडे बघेनात. मग घड्याळ बघितलं, मग चाक बघितलं, आणि हळूच म्हणाले, "मेळावा नऊला आहे. अजून अडीच तास आहेत."

"घ्या काढून," मी म्हटलं.

हे लगेच खाली बसले. चाकावरून नजर न हलवता मागे हात केला. मी डोळे पुसले आणि त्या हातात पाना दिला.